लाहोरला रिकामी जागा कुठे होती?

उतरणीला लागलेली नटी पुन्हा पडद्यावर उभी राहिली की त्याचे श्रेय तिच्या जिद्दीला नाहीतर नशिबाला देऊन आपण मोकळे होतो. सिनेमाच्या गप्पांत पुनरागमन ही एकट्या माणसाची गोष्ट असते. ती खचली नाही, तिने दिवस काढले, पुन्हा उभी राहिली, असा तिचा ठरलेला साचा. फाळणीनंतर मुंबई सोडून पाकिस्तानात गेलेल्या कलावंतांची पुढची वाटचाल शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर हा साचा पुरा पडत नाही. एकाच शहरातून, पाच-दहा वर्षांच्या अंतराने, मोठमोठी नावे घेऊन निघालेल्या या मंडळींपैकी कुणी लाहोरची राणी झाली, कुणी दोन चित्रपटांत आटोपली, कुणी वर्षा-दोन वर्षांत मुकाट परत आला आणि एकीच्या अंत्यविधीसाठी वर्गणी काढावी लागली. जिद्द सगळ्यांपाशी होती, नशीबही कमीअधिक सगळ्यांच्याच वाट्याला आले. फरक पडला तो एका अगदी व्यवहारी प्रश्नामुळे. लाहोरच्या चित्रधंद्यात रिकामी जागा नेमकी कोणती होती, आणि आलेल्याला ती ओळखता आली का? माझे म्हणणे असे की मुंबईच्या ताऱ्याची जागा तिथे कधी रिकामी झालीच नव्हती, कारण खुद्द मुंबई तिथल्या पडद्यावर ठाण मांडून बसली होती. ज्यांनी मुंबई देऊ शकत नव्हती अशी काही वस्तू लाहोरला दिली, ते टिकले. ज्यांनी मुंबईतली जुनी ओळख तेवढी पुढे केली, त्यांना लोकांनी आदराने नमस्कार केला आणि तिकीट दुसऱ्याच चित्रपटाचे काढले.

त्या वेळची मुंबई म्हणजे चित्रधंद्यापुरती बरीचशी उपनगरांतली मुंबई. सांताक्रूझ स्टेशनातून उत्तरेकडची लोकल पकडली तर पाचव्या स्टेशनावर मालाड यायचे. तिथे हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी उभी केलेली ‘बॉम्बे टॉकीज’ होती. तिच्या अलीकडे गोरेगावला, बॉम्बे टॉकीजमधूनच फुटून निघालेल्या मंडळींचे ‘फिल्मिस्तान’. अंधेरीला विजय भट्टांचे ‘प्रकाश’. दक्षिणेला दादरला चंदुलाल शहांची ‘रणजित’. मुंबईबाहेर पुण्यात डब्ल्यू. झेड. अहमद यांचे ‘शालिमार’ होते. जोश मलिहाबादी, कृष्ण चंदर, अख्तर उल ईमान यांच्यासारखी माणसे तिथे पगारावर होती. या सगळ्या ठिकाणांहून माणसे गेली. बॉम्बे टॉकीजच्या ‘किस्मत’ची नायिका मुमताज शांती गेली, रणजितच्या ‘तानसेन’ची खुर्शीद गेली, ‘रतन’ची स्वर्णलता गेली, ‘अनमोल घडी’ची नूरजहाँ गेली. फिल्मिस्तान आणि बॉम्बे टॉकीज या दोन्ही ठिकाणी कथा लिहिणारा सआदत हसन मंटो 1948 च्या जानेवारीत गेला. पुण्याचे अहमदही गेले. ही काही पडेल माणसांची यादी नव्हे. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात ‘किस्मत’ तीन वर्षांहून अधिक काळ चालला होता. मुंबईच्या धंद्याने फाळणीनंतर जे गमावले ते लाहोरला आयते मिळाले, असे कागदावर तरी दिसते.

प्रत्यक्षात लाहोरला धंदाच उरला नव्हता. फाळणीआधीचे लाहोर हे हिंदी-पंजाबी चित्रपटांचे मोठे केंद्र होते खरे, पण भांडवल, वितरण आणि स्टुडिओ यांचा मोठा भाग हिंदूंच्या हाती होता. ‘खानदान’ काढणारे दलसुख पंचोली मुंबईला आले. रूप के. शौरी यांचा स्टुडिओ दंगलीत जळाला आणि तेही मुंबईला आले. म्हणजे माणसांची अदलाबदल दोन्ही बाजूंनी झाली. फक्त मुंबईकडे येणाऱ्याला चालता कारखाना मिळत होता, लाहोरकडे जाणाऱ्याला राख. पाकिस्तानचा पहिला चित्रपट ‘तेरी याद’ 7 ऑगस्ट 1948 रोजी लाहोरला प्रदर्शित झाला, तोसुद्धा दिवाण सरदारीलाल यांच्या पैशावर. त्याचा नायक होता नासिर खान, म्हणजे दिलीपकुमारचा धाकटा भाऊ. चित्रपट पडला. नासिर खान थोड्याच काळात मुंबईला परतला, ‘नगीना’त नूतनबरोबर दिसला आणि 1961 च्या ‘गंगा जमना’त भावासमोर पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत उभा राहिला. एका नव्या देशाच्या पहिल्या चित्रपटाचा नायक म्हणून त्याचे नाव तिथल्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. पोट मात्र मुंबईनेच भरले.

‘तेरी याद’ का पडला याचे उत्तर चित्रपटाच्या आतच शोधायला नको. लाहोर-कराचीची चित्रगृहे तेव्हा बंद नव्हती. त्यांना चित्रपट हवे होते आणि ते मुंबईहून येत होते. फाळणीने माणसांना सीमा घातली, चित्रपटांच्या डब्यांना लगेच घातली नाही. त्यामुळे लाहोरच्या प्रेक्षकाला एका पडद्यावर मुंबईचा सफाईदार, भरपूर पैसे ओतलेला उर्दू-हिंदुस्तानी बोलपट मिळत होता आणि शेजारच्या पडद्यावर अपुऱ्या फिल्मवर, मोडक्या सामानानिशी काढलेला त्याच भाषेतला, त्याच वळणाचा स्थानिक बोलपट. पदरचे चार-आठ आणे खर्च करणारा माणूस देशप्रेमापोटी दुसरा चित्रपट निवडेल ही अपेक्षाच भाबडी. मुंबईहून गेलेल्या ताऱ्याची अडचण याहूनही नाजूक होती. त्याची स्पर्धा मुंबईच्या आजच्या ताऱ्यांशी तर होतीच, शिवाय त्याच्या स्वतःच्या कालच्या कामाशीही होती. ‘रतन’ पाहिलेल्या माणसाला स्वर्णलता पुन्हा तशाच रूपात, पण गरीब घरच्या कपड्यांत दाखवून काय मिळणार होते?

स्वर्णलतेचेच उदाहरण यासाठी नीट पाहण्यासारखे आहे. रावळपिंडीच्या शीख कुटुंबात जन्मलेली ही मुलगी 1944 च्या ‘रतन’मुळे, आणि नौशादच्या संगीतामुळे, देशभर माहीत झाली. नट-दिग्दर्शक नझीर यांच्याशी लग्न करून ती मुसलमान झाली आणि 1947 मध्ये दोघे मुंबईतले सगळे मागे टाकून लाहोरला गेली. तिथे त्यांनी काढलेला उर्दू ‘सच्चाई’ 1949 मध्ये आला आणि गेला. त्याच वर्षी, तेच दोघे, तेच चेहरे, तेवढ्याच तुटपुंज्या साधनांनी ‘फेरे’ घेऊन आले. या वेळी भाषा पंजाबी होती. संगीतकार जी. ए. चिश्ती यांनी त्याची सहा गाणी एका दिवसात बांधून ध्वनिमुद्रित केल्याची हकिगत तिकडच्या चित्रपट-इतिहासात नेहमी सांगितली जाते. तिच्याकडे चिश्तींच्या हातोटीचा दाखला म्हणून पाहतात. मला ती पैशाच्या टंचाईचा दाखला वाटते. स्टुडिओचे भाडे दिवसावर असेल आणि पैसे एका दिवसाचेच असतील तर गाणीही एका दिवसात व्हावी लागतात. असा हा घाईत उरकलेला चित्रपट 1949 च्या ईदला लागला आणि पाकिस्तानचा पहिला रौप्यमहोत्सवी चित्रपट ठरला. ‘सच्चाई’ आणि ‘फेरे’ यांत काही महिन्यांचे अंतर. नटी तीच, दिग्दर्शक तोच, प्रेक्षक तोच. बदललेली मोठी गोष्ट एकच होती: मुंबईला जे करायचे कारण उरले नव्हते ते नझीर-स्वर्णलता यांनी केले. पंजाबीचा निम्म्याहून मोठा बाजार सीमेपलीकडे गेल्यावर मुंबईचा भांडवलवाला पंजाबी चित्रपटात पैसे कशाला अडकवील? ती जागा मोकळी पडली होती.

आता नूरजहाँ. कसूरची अल्ला वसाई, ‘बेबी नूरजहाँ’ म्हणून कलकत्त्याला पंजाबी चित्रपटांत गायली, 1942 च्या लाहोरी ‘खानदान’ने नायिका झाली, त्याच चित्रपटाचे दिग्दर्शक शौकत हुसेन रिझवी यांच्याशी लग्न करून मुंबईला आली आणि चार-पाच वर्षांत तिने मुंबई खिशात घातली. ‘दोस्त’, ‘झीनत’, ‘अनमोल घडी’, दिलीपकुमारबरोबरचा ‘जुगनू’. मराठी वाचकाला या काळातला ‘बडी माँ’ आठवायला हवा. 1945 चा हा चित्रपट मास्टर विनायकांच्या ‘प्रफुल्ल पिक्चर्स’चा, संगीत दत्ता कोरगावकरांचे, नूरजहाँबरोबर त्यात मीनाक्षी शिरोडकर होती, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर घर चालवण्यासाठी छोट्या भूमिका करणाऱ्या लता मंगेशकरही होत्या. त्या काळात नूरजहाँपुढे बसून गायल्याची आठवण लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितली आहे. तेव्हा त्या सेटवर कोण तारा आणि कोण उमेदवार याबद्दल कुणाच्याही मनात संशय नसावा. पुढच्या दोन वर्षांत देश फुटला आणि नूरजहाँ-रिझवी लाहोरला गेले. शौरींच्या जळालेल्या स्टुडिओची जागा रिझवींना मिळाली. तिथे त्यांनी ‘शाहनूर’ उभा केला. त्यात तीन-चार वर्षे गेली. 1948, 1949, 1950, या काळात नूरजहाँचा एकही नवा चित्रपट नाही. सिनेमाच्या धंद्यात एवढा काळ म्हणजे एक पिढी. मुंबईत याच मुदतीत ‘महल’, ‘बरसात’, ‘अंदाज’, ‘बडी बहन’ येऊन गेले आणि ‘बडी माँ’तली ती उमेदवार मुलगी देशाचा आवाज झाली.

तेव्हा 1951 मध्ये नूरजहाँ परतली ती ऐन भरातली तारका म्हणून नव्हे, तर चार वर्षांपूर्वीचे मोठे नाव म्हणून. आणि परतताना तिने काय निवडले? ‘अनमोल घडी’चा उर्दू बाज नाही, ‘जुगनू’सारखी कॉलेजकुमारीही नाही. ‘चन वे’ हा पंजाबी चित्रपट. नायक संतोषकुमार, संगीत ‘जुगनू’च्याच फिरोझ निझामींचे, आणि दिग्दर्शक म्हणून नाव खुद्द नूरजहाँचे. पाकिस्तानातली ती पहिली स्त्री-दिग्दर्शक ठरली. दिग्दर्शन खरोखर तिचे की नवऱ्याचे यावर तिकडे वाद झाले आहेत. आपल्या मुद्द्यापुरता तो वाद गैरलागू आहे. निर्णय दोघांपैकी कुणाचाही असो, तो ‘फेरे’च्या पावलावर पाऊल टाकणारा होता. जिच्या उर्दू गाण्यांवर अर्धा हिंदुस्थान डोलत होता ती बाई पुनरागमनासाठी आपल्या बालपणीच्या भाषेकडे गेली. हे घरच्या ओढीने झाले असेल, पण धंद्याचे गणितही तेच सांगत होते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नूरजहाँचा पुढचाच चित्रपट ‘दुपट्टा’, 1952 चा, सिब्तैन फझली यांचा, उर्दूत होता आणि तो पंजाबी ‘चन वे’पेक्षा मोठा ठरला. मग भाषेचा मुद्दा कुठे राहिला? पण ‘दुपट्टा’ जिथे गाजला ते ठिकाण पाहिले की आक्षेपाचाच पुरावा होतो. हा चित्रपट भारतातही लागला आणि इथे त्याची गाणी घरोघर गेली. भारतातल्या प्रेक्षकाला लता मिळाली होती, सुरैया होती, नर्गिस-मधुबाला होत्या. नूरजहाँ मात्र मिळत नव्हती. लाहोरच्या उर्दू चित्रपटाला स्वतःच्या गावात मुंबईशी झुंजावे लागत होते आणि मुंबईत मात्र त्याच्याकडे एक अशी गोष्ट होती जी मुंबईला बनवता येत नव्हती. रिकामी जागा या खेपेला सीमेच्या अलीकडे होती, एवढेच. दुसऱ्या कुठल्या पाकिस्तानी उर्दू चित्रपटाला त्या काळी भारतात असे स्वागत लाभल्याचे दिसत नाही, यावरून ते स्वागत चित्रपटाचे किती आणि एका गळ्याचे किती हे ठरवता येते.

मुंबईची ही छाया लाहोरच्या कलावंतांना स्वतःला किती जाचत होती याचा पुरावा 1954 च्या ‘जाल’ आंदोलनात आहे. गोव्याच्या कोळीवाड्यातली गोष्ट सांगणारा गुरुदत्तचा ‘जाल’, देव आनंद-गीता बाली यांचा, पश्चिम पाकिस्तानात आणायचे ठरले तेव्हा तिथले निर्माते आणि नटनट्या रस्त्यावर उतरल्या. पकडापकडी झाली. पुढारी कोण होते? पुण्याच्या शालिमारचे डब्ल्यू. झेड. अहमद, मुंबईत ‘झीनत’ आणि ‘जुगनू’ काढणारे शौकत हुसेन रिझवी, आणि त्यांच्या बाजूने नूरजहाँ. म्हणजे मुंबईचे चित्रपट थांबवा असा घोष करणाऱ्या पहिल्या रांगेत मुंबई-पुण्यातच घडलेली माणसे होती. यात ढोंग पाहण्याचे कारण नाही. मुंबईचा माल किती भारी आहे हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? आंदोलनाचा निकाल असा लागला की यापुढे चित्रपटाला चित्रपट द्यायचा. भारतातून एक येईल तर पाकिस्तानचा एक तिकडे जाईल. आयातीचा नळ बारीक झाला आणि लाहोरच्या स्टुडिओंत पहिल्यांदाच बऱ्यापैकी गर्दी दिसू लागली. 1956 पासूनची सगळी पुनरागमने या बारीक झालेल्या नळाखाली झाली आहेत, हे विसरून त्यांचा न्याय करता येत नाही.

तरीही खुर्शीदचे पुनरागमन फसले. ‘भक्त सूरदास’ आणि ‘तानसेन’ या रणजितच्या चित्रपटांत सैगलसमोर उभे राहून गाणे ही त्या काळची सर्वोच्च कसोटी होती आणि तिला खुर्शीद दोनदा उतरली होती. 1948 मध्ये ती पाकिस्तानात गेली, आठ वर्षे पडद्यापासून दूर राहिली आणि 1956 मध्ये ‘फनकार’ आणि ‘मंडी’ या दोन चित्रपटांतून परतली. दोन्ही पडले. त्यानंतर तिने चित्रपट केला नाही. यावर सरळ उत्तर असे दिले जाते की तिचे वय झाले होते. चाळिशी ओलांडलेल्या नायिकेला 1956 मध्ये मुंबईनेही उभे केले नसते. हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. पण वयाने तिची नायिकेची जागा गेली, गळ्याचे काय? ‘तानसेन’मधल्या गाण्यांवर जिची कीर्ती उभी होती तिने पडद्यामागे जाऊन गायला वयाची आडकाठी नव्हती. लाहोरमध्ये तेव्हा पार्श्वगायन चांगले रुजले होते. खुर्शीद मात्र पुन्हा गाणारी नायिका म्हणूनच आली, म्हणजे मुंबईत ज्या खुर्चीवरून उठली तीच खुर्ची तिने लाहोरला मागितली. ती खुर्चीच तोवर दोन्ही शहरांतून उचलली गेली होती. ‘किस्मत’च्या मुमताज शांतीने हा धोका पत्करलाच नाही, ती पाकिस्तानात गेली आणि पडद्यापासून दूर राहिली. तिची किमान आठवण तरी अभंग राहिली.

मीना शौरीची गोष्ट या दोघींपेक्षा गुंतागुंतीची आहे आणि माझ्या म्हणण्याला तिथे सर्वांत जास्त ताण बसतो. रायविंडची खुर्शीद जहाँ, सोहराब मोदींनी ‘सिकंदर’मध्ये तिला मीना केले, रूप के. शौरींच्या ‘एक थी लडकी’ने 1949 मध्ये ती भारतभर गाजली. विनोदी, तोंडाळ, मिजासखोर नायिका हा तिचा हातखंडा. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत तिचे नाणे उतरले होते. 1956 मध्ये वितरक जे. सी. आनंद यांच्या ‘मिस 56’साठी शौरी पतिपत्नी लाहोरला गेली. नावावरूनच कळते की गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस 55’कडे पाहून हा बेत रचला होता. काम संपल्यावर रूप शौरी मुंबईला परतले, मीना तिथेच राहिली. ज्या शहरात नवऱ्याचा स्टुडिओ जळाला आणि त्या जागी नूरजहाँच्या नवऱ्याचा उभा राहिला, त्याच शहरात तिने दुसरा डाव मांडला. आणि डाव रंगला. ‘सरफरोश’, ‘बडा आदमी’ असे चित्रपट मिळाले, पाकिस्तानात लक्स साबणाच्या जाहिरातीवर झळकणारी ती पहिली नटी झाली. तिने पंजाबीचा आधार घेतला नव्हता, मुंबईचीच चाल आणली होती. मग माझा सिद्धान्त मोडला का? मला वाटते, नाही. उर्दू चित्रपटाची तिकडची नायिका तोवर सोशीक आणि डोळ्यांत पाणी आणणारी होती. प्रेक्षकाला हसवू शकेल, नायकाला ऐकवू शकेल अशी बाई त्या पडद्यावर जवळजवळ नव्हती, आणि मुंबईहून येणारे चित्रपट नुकतेच कमी झाले होते. मीनाला जागा मिळाली ती याच फटीत. पण फटीत मिळालेली जागा भाड्याची असते. पश्चिम पाकिस्तानचा बाजार लहान, मानधन लहान, पुढच्या दशकात ताज्या दमाच्या मुली आल्या तशी मीना चरित्र-भूमिकांकडे सरकली आणि मग कामच थांबले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लाहोरला ती वारली तेव्हा कफनाचा खर्चही लोकांनी केला. पुनरागमन यशस्वी झाले म्हणजे माणूस तरला असे नाही, हे हिशेब मांडताना ध्यानात ठेवलेले बरे.

बालनटाला उतरण सर्वांत लवकर लागते. रतनकुमार त्याचा नमुना. ‘दो बिघा जमीन’, ‘बूट पॉलिश’ आणि 1954 चा ‘जागृती’ करणारा हा मुलगा मिसरूड फुटायच्या वयात कुटुंबासह पाकिस्तानात गेला. ‘जागृती’ गोरेगावच्या फिल्मिस्तानचा. कवी प्रदीप यांची गाणी, हेमंतकुमारांचे संगीत. मुलांना रेल्वेने देश दाखवणारा शिक्षक हा त्याचा गाभा. पाकिस्तानात ‘बेदारी’ नावाचा चित्रपट निघाला तेव्हा तो ‘जागृती’चाच साचा होता. चाली त्याच, प्रसंग तेच. गाण्यांत फक्त भारताच्या जागी पाकिस्तान आणि गांधीजींच्या जागी कायदे आझम. आणि चेहरा? तोच रतनकुमार, जो वर्षा-दोन वर्षांपूर्वी गोरेगावात दुसऱ्या देशाच्या भक्तीचे धडे घेत होता. लोकांना आधी चित्रपट आवडला. मग मूळ चित्रपट पाहिलेल्यांनी बोभाटा केला, निषेध झाला आणि सेन्सॉरने त्यावर बंदी घातली. चोरी केली म्हणून बंदी आली असे म्हणणे सोपे आहे, पण उसनवारी तेव्हा दोन्हीकडे सर्रास होती. ‘बेदारी’ सोसवला नाही कारण त्याने गुपित उघडे केले. राष्ट्रगौरवाचा माल मालाड-गोरेगावच्या भट्टीतून आलेला आहे हे रतनकुमारच्या चेहऱ्यामुळे लपवता येईना. त्याचे खरे पुनरागमन 1959 च्या ‘नागिन’ने झाले, नीलोबरोबर, तरुण नायक म्हणून. (हेही नाव फिल्मिस्तानच्या 1954 च्या चित्रपटाचे, पण त्याला कुणी अडवले नाही.) म्हणजे तो टिकला तो मुंबईचा बालनट असणे सोडल्यावर.

शेवटी पुन्हा नूरजहाँकडे यावे लागते, कारण तिचे खरे पुनरागमन ‘चन वे’ नव्हेच. पन्नासच्या दशकात ती ‘इंतजार’, ‘अनारकली’, ‘कोयल’ अशा डझनभर चित्रपटांत नायिका झाली. ‘इंतजार’ आणि ‘कोयल’चे संगीतकार ख्वाजा खुर्शीद अन्वर, तेही एकेकाळचे मुंबईकरच. रिझवींशी काडीमोड झाला, नट एजाजशी लग्न झाले, मुलेबाळे झाली आणि 1961 च्या ‘गालिब’नंतर नायिका म्हणून तिचे दिवस सरले. पस्तिशीची बाई, तिन्हीसांजेची तारका. खुर्शीदने जो रस्ता घेतला नाही तो तिने घेतला. 1960 च्या ‘सलमा’त ती दुसऱ्या नटीसाठी गायली होतीच; आता तिने पडदाच सोडला आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे इतरांच्या ओठांतून ती पाकिस्तानभर ऐकू आली. 1970 च्या ‘हीर रांझा’त नायिका फिर्दोस, पण लोकांनी डोक्यावर घेतले ते नूरजहाँच्या गळ्याला. आपल्याकडे याच्या जवळ जाणारे उदाहरण शोधायचे तर ललिता पवारांचे. 1942 मध्ये चित्रीकरणातल्या थपडेने चेहरा अधू झाला, नायिकापद गेले. त्यांनी नायिकापद परत मागितले नाही, सासू आणि खाष्ट बाई यांची जागा अशी व्यापली की 1959 च्या ‘अनाडी’साठी त्यांना फिल्मफेअर मिळाले. नूरजहाँ त्यांच्याही पुढे गेली. तिने भूमिका बदलली नाही, चेहराच काढून घेतला. मुंबईत तिच्याबरोबर ‘अनमोल घडी’ केलेल्या सुरैयाने 1963 च्या ‘रुस्तम सोहराब’नंतर गाणे आणि पडदा दोन्ही सोडले, यावरून हा निर्णय किती अवघड असावा ते कळते.

आता शेवटचा आक्षेप. हे सगळे बाजाराचे गणित मांडून मी नूरजहाँच्या गळ्याचा अपमान तर करत नाही ना? प्रतिभा हेच साधे उत्तर असताना रिकाम्या जागांचा शोध कशाला? प्रतिभा नसती तर ती टिकली नसती, हे उघड आहे. पण प्रतिभा 1948 ते 1950 मध्येही होती आणि ती गप्प होती. खुर्शीदपाशीही होती आणि ती दोन चित्रपटांत संपली. प्रतिभेने माणूस जागेला पुरून उरतो. जागा मात्र दुसरेच काही तरी निर्माण करते. नूरजहाँच्या बाबतीत ते काम 1965 च्या युद्धाने केले. युद्धानंतर भारतीय चित्रपटांना पाकिस्तानचा पडदा पुरता बंद झाला, आणि 1947 पासून लाहोरच्या छातीवर बसलेली मुंबई एका फटक्यात उठली. त्याच युद्धात नूरजहाँने सैनिकांसाठी गायलेल्या गाण्यांनी ती सिनेमापलीकडची झाली. पुढे पंजाबी चित्रपटांचे पीक फोफावले आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक नायिकेला तिचाच आवाज हवा होता. लताबाईंना भारतात जे स्थान मिळाले त्याची पाकिस्तानी जोडी म्हणजे नूरजहाँ, असे लोक म्हणतात. मला हे उलट दिशेने पाहावेसे वाटते. दोघींपैकी एक गेल्याने दुसरीला मुंबई मिळाली आणि मुंबई बंद झाल्याने पहिलीला लाहोर मिळाले. दोन्ही गळे अस्सल, पण दोन्ही राज्ये सीमेने आखून दिलेली.

नूरजहाँ मुंबईत पुन्हा आली ती 1982 मध्ये, बोलपटाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त षण्मुखानंद सभागृहात झालेल्या कार्यक्रमासाठी. स्वागताला दिलीपकुमार होता. तिने गायले ते ‘अनमोल घडी’तले, म्हणजे 1946 चे. लाहोरमध्ये तिने तोवर काय काय उभे केले होते याचा मुंबईला पत्ता नव्हता आणि मुंबईने तो विचारलाही नाही. तिच्या पाकिस्तानातल्या कामाचा विचार न करता आपल्याकडे आजही तिच्यावर लेख लिहिले जातात, आणि ते अपुरे असतात. ती 23 डिसेंबर 2000 रोजी कराचीत वारली. खुर्शीद त्यानंतर चार महिन्यांनी, 18 एप्रिल 2001 रोजी, त्याच शहरात.